निळ्या पाकिटातलं गाजर

३ मार्च, सोमवार. सकाळ.
आजपासून घरात आतडेशुद्धी. निर्णय अंतिम. गहू, दूध, साखर, बटाटा बंद. उकळलेल्या हाडांचं पाणी, उकडलेलं गाजर आणि भोपळा चालू. हा पहिला टप्पा. प्लंबिंग मी कुणाकडे शिकलो नाही, हेही व्हिडिओ बघून स्वतःच शिकलो. तत्त्व तेच. लाइन आतून खराब असेल तर नळ बदलून उपयोग नाही. डॉक्टर आयुष्यभर नळ बदलत बसतात.
थोरली चौदाची, बोलत नाही. धाकटा नऊचा, एका जागी बसत नाही. दोघांचं मूळ आतड्यात. लाइन साफ झाली की थोरली बोलेल. पहिला शब्द ‘बाबा’ असावा. हट्ट नाही, अपेक्षा.
बायकोनं विचारलं, थोरली निळ्या पाकिटातली बिस्किटं आणि दूध सोडून काही तोंडात घेत नाही, तिचं काय? म्हटलं, भूक लागली की खाईल. म्हणाली, ही पोर भुकेला जुमानत नाही, एवढं तुम्हाला चौदा वर्षांत कळलं नाही? चर्चा थांबवली.

त्याच दिवशी संध्याकाळी.
थोरलीनं बिस्किट मोडून अर्धं माझ्या तोंडापुढे धरलं. मी कामावरून आलो की हे रोजचं. अगदी मधोमध मोडते, माझ्यावर गेलीय. पण नियम सगळ्यांना सारखे. मी तोंड मिटलं. तिचा हात बराच वेळ तसाच होता. मग अर्धं बिस्किट टेबलावर ठेवलं. उरलेलं पाकीट मी जप्त केलं.

५ मार्च, बुधवार.
धाकट्यानं हाडांचं पाणी कुंडीत ओतलं. बायको म्हणाली, चला, झाडाचं तरी आतडं सुधारेल. दुर्लक्ष केलं.
दुपारी एका गिऱ्हाइकाकडे चहा, साखर घातलेला. बेसिनखाली उताणं पडून काम केल्यावर चहाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. कामावरचं टप्प्यात धरत नाहीत.
थोरली फक्त पाणी पितेय. म्हणजे फ्लशिंग सुरू.

७ मार्च, शुक्रवार.
तांत्रिक तोडगा सापडला. गाजर वाटलं, पत्र्याच्या पट्टीनं चौकोन कापले, काट्यानं मूळ बिस्किटासारखी भोकं पाडली, मंद आचेवर वाळवले. एक नवं, बंद निळं पाकीट ब्लेडनं शिवणीवर उघडलं, माल बदलला, इस्त्रीची कड लावून बंद केलं. जॉइंट असा बसलाय की कंपनीवालाही फसेल.
आतली खरी बिस्किटं टाकायला जिवावर आलं. व्हॅनमध्ये ठेवली.

८ मार्च, शनिवार.
पाकीट बघून थोरलीनं टाळ्या वाजवल्या. या आठवड्यात पहिल्यांदाच. उघडलं, एक काढलं, वास घेतला, खाली ठेवलं. मग सगळी काढून ओळीत मांडली. रिकाम्या पाकिटात हात घालून चाचपलं. मग माझ्याकडे बघितलं. एरवी ती डोळ्यांत बघत नाही. प्रगती. चौकोन डब्यात भरून खिडकीत ठेवले.
व्हॅनमधली बिस्किटं संपली.

१० मार्च, सोमवार.
बायकोनं माझ्यामागे नवं, खरं पाकीट आणलं. थोरलीनं हात लावला नाही. दूधही नाही. आज पाणीसुद्धा दोन घोट. बायकोनं माझं ताट न वाढता पातेलंच पुढे सरकवलं. त्यापेक्षा बोललेली परवडते.
शाळेतल्या थेरपिस्ट बाईंचा फोन. म्हणाल्या, अहो, तिच्या जगात ते पाकीट एकच खात्रीचं होतं, तेही तुम्ही खोटं पाडलंत. मी विचारलं, पण जॉइंट तिनं ओळखला कसा? फोन कट.

११ मार्च, मंगळवार. हॉस्पिटल.
सलाइन लावलंय. पिशवीत ग्लुकोज, म्हणजे साखरच. हरकत नोंदवली. नर्स म्हणाली, काका, जरा बाजूला व्हा. झालो. थेंब मला जरा वेगात वाटले, पण व्हॉल्व्हला हात लावला नाही. थोरली भिंतीकडे तोंड करून पडलीय. मला काही वाटत नाहीये. थकवा असावा. पॅसेजमधला नळ गळत होता. वॉशर बदलला.

१३ मार्च, गुरुवार.
घरी आणलं. धाकट्यानं कुणी न सांगता तिच्यासमोर पाकीट फाडलं. एक खाल्लं, जीभ बाहेर काढून दाखवली. दुसरं खाल्लं, पुन्हा जीभ. एका जागी बसून. चौथ्यानंतर थोरलीनं हात पुढे केला. खाल्लं.
बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. जाऊन बघितलं. नळाला काही झालेलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
पहिला टप्पा तूर्त स्थगित. शास्त्र चुकलेलं नाही, घरचं सहकार्य कमी पडलं.
कामावरून आलो, हात धुतले, नेहमीच्या खुर्चीत बसलो. थोरलीनं बिस्किट मोडलं, मधोमध. अर्धं धाकट्याच्या तोंडात घातलं. बायको मला म्हणाली, मिटा आता. तोंड उघडंच राहिलं होतं, लक्षात आलं नाही.
मग थोरली उठली. खिडकीतल्या डब्यातून गाजराचा एक चौकोन काढला, आणून माझ्यापुढे ठेवला. अख्खा. मोडला नव्हता.
खाल्ला. वाळवताना आच जरा जास्त झाली होती. बराच वेळ चावत होतो.