दोन तासांचा खुलासा

प्रिय गयाआक्का,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीतच. तरी लिहितो आहे. उद्या सकाळी मला वरिष्ठांना एक खुलासा पाठवायचा आहे, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय पाठवणं मला जमेना.

परवा माझा तक्ता परत आला. त्यावर शेरा आहे, ‘क्षेत्र तेच, पीक तेच, तरी स्त्रियांच्या कामाचे तास एवढे कसे वाढले?’ ते शेत तुमचं आहे, आक्का.

तुमच्या गावात दर आठवड्याला वही घेऊन मी काय करत होतो, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं होतं का? मी तर नाहीच. ही केंद्राच्या कृषी खात्याची पाहणी. निवडलेल्या दहा घरी जायचं आणि कोणत्या पिकाला कुणी किती तास काम केलं ते लिहायचं. त्यातून पिकाचा खर्च निघतो, आणि हमीभाव सुचवताना दिल्लीत तो खर्च बघतात. घरच्या माणसाला मजुरी मिळत नसली तरी त्याच्या श्रमाचं मोल धरायचं, असा नियम आहे. बाईचे तास वेगळे लिहायचे, त्याला वेगळा रकाना आहे. म्हणजे दिल्लीने तुमच्याबद्दल विचारलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचवायचं माझ्याकडून राहिलं.

राहिलं कसलं? मी टाळलं.

ओट्यावर तुमचे मालक बसायचे. तुम्हाला आक्का म्हणायचो म्हणून ते माझे दाजी. तुम्ही चहा ठेवून आत जायचात. तुमच्या तासांचं विचारलं की दाजी हात झटकून म्हणायचे, ‘ती आसती मागं-पुढं. लिव्हा दोन तास.’ मी लिहायचो. पुढे पुढे तर मी विचारणंही सोडलं. तुमच्या रकान्यात माझा हात आपोआप दोनचा आकडा काढायचा.

एकदा कप उचलायला आलात आणि तिथेच थांबलात. ‘भाऊ, माझं काम ह्येच सांगणार व्हय तुमाला? मी मुकी हाय का?’ दाजी हसले. मीही हसलो! त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मी अजून स्वतःला विचारतो.

दुसऱ्या दिवशी, दिवसभर बसून बघा म्हणून, तुम्ही मला वावरात बोलावलंत. सोयाबीनची खुरपणी चालू होती. मी आठला पोचलो, तेव्हा तुमची ओळ अर्ध्यावर गेली होती. मी बाभळीखाली बसून घड्याळ बघत राहिलो. तुम्ही मान वर केलीत ती फक्त पाणी प्यायला. एक वाजता विचारलंत, ‘किती झाले माझे?’

‘पाच.’

‘लय झाले की. थोडे तुमच्या दाजीला द्या वाटून, त्येंचे कमी पडायलेत.’

मग फडकं सोडून अर्धी भाकरी आणि अंबाडीची भाजी माझ्या हातावर ठेवलीत. ती खाऊन मी उठलो, कारण ताडकळसला बाजार होता आणि मला भाजी घ्यायची होती. दिवसभर बसा म्हणाला होतात ना? मी अर्धा दिवसही बसलो नाही. तुम्ही पुन्हा ओळीत बसताना म्हणालात, ‘पाचच लिव्हा बरं का. मला धा नकोत.’

मला रोजनिशी लिहायची सवय आहे. त्या दिवशीच्या पानावर आहे, ‘गयाआक्का, पाच तास, तेही दुपारपर्यंत.’ आणि सरकारी तक्त्यात, त्याच तारखेला, माझ्याच अक्षरात, दोन. एकाएकी पाच लिहिले असते तर आधीच्या दोनचं काय, असं कुणीतरी विचारलं असतं. तेवढ्याला मी भ्यालो. आठवडाभराने तुम्ही ‘लिव्हलं का?’ म्हणालात, तेव्हा मी मान हलवली. तुम्ही विश्वास ठेवलात.

उन्हाळ्यात तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. दहाव्याला मी आलो, जेवलो, परत गेलो.

यंदा खुरपणीच्या वेळी दाजींना तास विचारले. ते म्हणाले, दोन बाया लावल्यात, दिवसभर राहतात, तरी तुम्ही काढायचात तसं वावर साफ निघत नाही. मी लिहिलं, आठ आणि आठ. लिहिता लिहिता हात थांबला. ‘दाजी, मग आक्काचे दोनच कसे सांगत होता?’

दाजींनी बैलापुढे वैरण टाकली. मग म्हणाले, ‘मी काय घड्याळ लावून बसत व्हतो का? आन् सर, तुमी तरी कुटं इचारलं तिला?’

त्या सोळा तासांवरच आता शेरा आला आहे. तुम्ही जिवंत होतात तोवर तुमचं काम तक्त्यात दिसलं नाही. तुम्ही गेल्यावर, दुसऱ्या बायांच्या नावाने, ते दिसायला लागलं. हे किती लाजिरवाणं आहे!

सुटायची वाट आहे. ‘यंदा तण जास्त होतं’ एवढं लिहिलं तरी चालेल, कुणी तपासायला येणार नाही. एका घराच्या दोन-पाच तासांनी हमीभाव हलत नाही, अशीही मी मनाची समजूत घातली. पण बाकीची नऊ घरं? तिथेही मी ओट्यावरच बसलो, आक्का. तिथेही दोन, कुठे दीड. आणि माझ्यासारखे वही घेऊन फिरणारे इतरही आहेतच की. त्यांचं मला माहीत नाही. माझं माहीत आहे.

आज दुपारपासून खुलासा चार वेळा लिहिला. शेवटच्यात हे वाक्य आहे: ‘मागील नोंदी चुकीच्या असून सदर महिलेस मी एकदाही स्वतः विचारले नाही, त्यांनी आपणहून दाखविलेले तासही लिहिले नाहीत.’ खाली माझी सही आहे. रोजनिशीच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. यावर नोकरीचं काय होईल, सांगता येत नाही. बायकोला अजून बोललो नाही.

ते वाक्य उद्या सकाळी मी खोडणार नाही. आणि माझ्याकडे वही राहिली, तर नऊच्या नऊ घरांत बाईला तिच्या तोंडून विचारीन, आणि ती सांगेल तेच लिहीन. वही राहिली नाही, तरी त्या नऊ जणींना जाऊन सांगेन की त्यांचे तास मी कमी लिहिले आहेत. एवढा शब्द देतो. आता तो कुणी तपासणार नाही, म्हणून जास्त जपून देतो.

तुमच्या हातची भाकरी खाल्लेला,
सुधाकर