शाईनं सोडवलेलं कोडं

३ डिसेंबर
आलो बाई एकदाच्या गोरेगावला! थावरामामांनी साखऱ्याहून भांडी, गादी, पुजा आणि मी, सगळं एकाच खेपेत जीपमध्ये कोंबून आणलं. मामा आमच्या तांड्यातलेच. हिंगोलीचे पेपर वाचनालयात तेच टाकतात, म्हणजे रोज भेट होणार. वाचनालयाची नोकरी मिळाली, मागच्या दोन खोल्याही मिळाल्या, आम्हा मायलेकींना आणखी काय हवं? पुजानं आल्याआल्या भिंतीवर खडूनं ‘पु’ काढला. पाच वर्षांची झाली, नाव अजून तेवढंच येतं. बाकीचं उद्या, म्हणते. आळशी कुठली.

५ डिसेंबर
आधीचे ग्रंथपाल किशनराव वर्षापूर्वी वारले. त्यांच्या टेबलाच्या खणात डबाभर झिजलेली खोडरबरं निघाली. एवढं काय खोडत होते कोण जाणे. खाली एक जाड वही, पानोपानी हातानं आखलेली शब्दकोडी. आडवे शब्द, उभे शब्द आणि ठळक चौकटींतली अक्षरं जुळवून एक गुप्त शब्द. मला कोड्यांचं वेड शाळेपासूनचं. दुपारी वाचक नव्हते, एक कोडं निळ्या पेनानं सोडवून टाकलं. गुप्त शब्द काय यावा? ‘थावरा’! मामांना उद्या दाखवायचं. हसतील.

६ डिसेंबर
पेपर आले नाहीत. सेनगावच्या रस्त्यावर चाक बदलताना जीप जॅकवरून घसरली. मामा खाली होते.

९ डिसेंबर
मामांची माती करून काल परतलो. रोज पेपर वाचायला येणाऱ्या नासेरचाचांना, म्हातारे शिंपी आहेत, ती वही दाखवली. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. चौकटी किशनरावांनी आखल्याच नव्हत्या म्हणे, त्या आपोआप उमटतात. सोडवल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ते पेन्सिलीनं सोडवायचे आणि गुप्त शब्द पुरा व्हायच्या आत खोडायचे. एकदा वही जाळली, तर दुसऱ्या दिवशी खणात होती. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “शाईनं काहून लिवलं, बाई? शाई खोडता येत न्हाई.”

१० डिसेंबर
वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. घरातली सगळी पेनं फेकली, ही रोजनिशी पेन्सिलीनं लिहितेय. पण डोक्यात सारखे आडवे-उभे शब्द.

११ डिसेंबर
फक्त बघायला उघडली. नवं पान.
तिनं आज नेसलेल्या साडीचा रंग. जांभळा. मी जांभळीच नेसले होते.
पोळीतलं गोड सारण. पुरण.
हात माझाच होता. पेन कुठून आलं, माहीत नाही. शेवटचा शब्द: लेकरू गेलं की उघडाच राहतो. दरवा— पेन टाकलं.
ठळक चौकटी दोनच. पहिलीत ‘पु’. दुसरी रिकामी.
देवा, मी काय केलं.

१२ डिसेंबर
चाचा म्हणतात, चौकट रिकामी आहे तोवर काही होत नाही. मग जन्मभर रिकामी ठेवीन. पुजाला अंगणवाडीत धाडलं नाही. नजरेआड होऊ देत नाही.
काल तिथून ‘जा’ शिकून आली. भिंतीवर पुरं नाव काढलं, इतकी खूश होती. मी, तिच्या याडीनं, आईनंच पुसलं. फार रडली.

१३ डिसेंबर, सकाळ
दाराला कडी. पुजा मागे खडूनं खेळतेय. ऐकू येतंय—
थांबला आवाज.
किल्ली गळ्यातच आहे. कपाट उघडं—
पुजा वही घेऊन पुढ्यात उभी. म्हणाली, “याडी, तू माझं नाव आर्धंच लिवलं व्हतं. म्या पुरं केलं.”
बोटं निळी. शाई ओली.
चाटून पाहिली, घासली, जात नाही— मांडीवर घेतलंय तिला, डाव्या हातानं घट्ट— उजवा लिहितोय, थांबतच नाही— आहे, इथंच आहे, केसांचा वास येतोय—
दरवाजा उघडा. मी कडी लावली होती—
पुजा, हलू नको—
मांडी हलकी