मुक्या फितीतला उखाणा

नाशिक, रविवार, १४ नोव्हेंबर २००४

घरी प्रोजेक्टर नसल्याने कधीच न पाहिलेली आईबाबांच्या लग्नाची फीत अखेर शालिमारच्या दुकानातून सीडीवर उतरवून आणली. फीत मुकी आहे, हे कळताच बाबांचा चेहरा उतरला. मांडवात बँडच्या गोंगाटात आईचा उखाणा त्यांना ऐकूच आला नव्हता. तो आज ऐकायचा होता.

पडद्यावर आईचे ओठ हलले. बाबांनी तेच दृश्य पुन्हा लावले. पुन्हा तेच ओठ! "अगं, काय म्हणालीस तेवढं तरी सांग."

आई हसू दाबत म्हणाली, "काही नाही हो. ऐन वेळी उखाणा विसरले, नुसते ओठ हलवले."

"म्हणजे इतकी वर्षं मी बिचाऱ्या बँडवाल्यांना शिव्या घातल्या!"

आम्ही पोट धरधरून हसलो. वर्गात पहिली येऊनही व्यासपीठावर माझी दातखीळ बसते, हा वारसा कोणाचा, ते आज उमगले. किती हायसे वाटले!

मग आईने पदर सावरला.

"मुक्या फितीत हलले ओठ, आवाज आला आज,
माधवरावांचं नाव घेते, सोडून सगळी लाज."

बाबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "पुन्हा एकदा."