तिचं तिला सांगू दे

आई, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याहून मी आता दोन वर्षांनी मोठी झाले आहे. बेंगळुरूत मल्लेश्वरममध्ये एक वृद्धाश्रम आहे, तिथे मी नोकरी करते. औषधांना नर्स आहेत, स्वयंपाकाला बायका आहेत; माझं काम म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं. दर बुधवारी सकाळी नाश्ता आटोपला की दहा-बारा खुर्च्या गोल मांडायच्या, कापडी पिशवीतून एखादी जुनी वस्तू काढायची आणि ती हातोहात फिरवायची. ज्याच्या हातात वस्तू, त्याने तिच्यावरून आठवेल ते बोलायचं. बाकीच्यांनी फार तर एकेक प्रश्न विचारायचा. याला आमच्याकडे आठवणींचा खेळ म्हणतात. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "बोलत बसायचा पगार देतात व्हय?"

सुरुवातीला माझ्या हातात छापील चित्रांचा एक संच दिला होता. बर्फाने भरलेलं अंगण, भिंतीतली शेकोटी, टोपी घातलेल्या गोऱ्या बायका. आमचे अज्जा आणि अक्का, म्हणजे तिथले आजोबा-आजी, ती चित्रं बघून मान हलवायचे आणि कॉफी कधी येणार ते विचारायचे. असे तीन बुधवार गेले. तिसऱ्या बुधवारी घरी येताना बसमध्ये मला आपली निपाणीची पडवी आठवली आणि मी संच कपाटात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून वातीचा स्टोव्ह, पितळी तांब्या, शाईची दौत, केसांच्या रिबिनी असं काय काय गोळा करून आणलं.

पडवीत तुम्ही सात-आठ जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या आहात. पान कापलं, तंबाखू भरली, वळली, दोरा बांधला. हातांकडे कुणी बघत नाही. तू मध्येच विचारतेस, "पहिला मार कुणाचा खाल्ला गं?" मग एकेक जण सांगते. कोपऱ्यावरच्या काकू त्यांच्या वरातीची गोष्ट सांगतात, गाडीचं चाक मोडलं आणि सासरी पोचायला दिवस मावळला ती. मी सातवीत, वर्गात पहिली, त्यामुळे जिभेला हाड नाही. "काकू, मागल्या खेपेला बैल बुजले म्हणाला होता की!" सगळ्या हसल्या. काकूंचे हात थांबले आणि त्या दिवशी पुन्हा त्या काही बोलल्या नाहीत.

तू तिथे मला काही म्हणाली नाहीस. संध्याकाळी चुलीपुढे भाकरीचं पीठ घ्यायच्या आधी तू नेहमीसारखी राखेने हात घासत होतीस, तंबाखूचा वास जाईपर्यंत. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तिला काय कोर्टात साक्ष द्यायची हाय? तिचं तिला सांगू दे. ऐकायचं नसंल तर उठून जायचं." आणि दुसऱ्या दिवशी मला काकूंच्या शेजारी बसवलंस. मी कसंबसं विचारलं, "काकू, मग पुढं काय झालं?" त्यांनी हातातली विडी पुरी वळली, दोरा बांधला. मग म्हणाल्या की बैलही बुजले नव्हते आणि चाकही मोडलं नव्हतं. त्यांनाच गाडीतून उतरून आईकडे परत जायचं होतं, त्या रस्त्यात बसून राहिल्या, म्हणून उशीर झाला. मला आठवतं, त्यानंतर पडवीत कुणी हसलं नाही. तूच पुढचं पान उचललंस आणि मग बाकीच्यांनी उचललं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक अक्का आल्या. धारवाडच्या मराठी घरातल्या, जन्मभर सरकारी कचेरीत टायपिस्ट. पूर्वीचं लख्ख आठवायचं, कालचं पुसून जायचं. एका बुधवारी लाल रिबीन त्यांच्या हातात आली आणि त्या म्हणाल्या, "ही माझ्या बहिणीची. ती माझ्यावर रागावून गेली." एवढं बोलून रडू लागल्या. मग रोज जेवताना बहिणीची चौकशी सुरू झाली. ती आली का, तिला वाढलं का.

त्यांचा मुलगा आयटीत आहे. तो रविवारी आला तो सरळ मॅनेजरबाईंच्या खोलीत, आणि मला तिथे बोलावणं आलं.

"मॅडम, माझ्या आईला बहीण नव्हतीच. एक भाऊ आहे फक्त. तुम्ही तिच्या डोक्यात काहीतरी भरवताय. हे गेम्स बंद करा, नाहीतर मी तिला दुसरीकडे शिफ्ट करतो."

मॅनेजरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काही दिवस थांबवू या का?"

दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. नोकरीचा प्रश्न होता, आणि रडणारी त्याची आई होती, माझी नव्हे. पण मला माझं काम माहीत आहे. मी म्हटलं, "मी काही भरवलं नाही. जे होतं ते बाहेर आलंय. तुम्ही एक बुधवार येऊन बसा. त्यानंतरही बंद करा म्हणालात तर पिशवी मी स्वतः तुमच्या हातात देईन."

तो आला. लॅपटॉपची बॅग पायाशी ठेवून आईच्या शेजारी बसला. मी मुद्दाम तीच रिबीन काढली. मॅनेजरबाई दारात उभ्या होत्या. अक्कांनी रिबीन बोटाला गुंडाळली आणि बहिणीचं सुरू केलं. मुलगा लगेच म्हणाला, "आई, अगं तुला कुठे बहीण..."

समोर यशवंतपूरच्या बाजारात कांद्याची आडत चालवलेले अज्जा बसतात. त्यांनी हात वर केला. "स्वल्प थांबा, सार. आता त्यांची पाळी आहे. तुम्हाला एक प्रश्न मिळणार, तो नीट विचारा."

अक्का बोलत राहिल्या. मग त्याने प्रश्न विचारला, "कशी होती ती?"

"डावखुरी," अक्का म्हणाल्या. "जेवताना तिचा हात माझ्या हाताला लागायचा. रिबिनीवरून आम्ही भांडलो आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती नव्हतीच."

त्याने मान खाली घातली. असं तपशिलाने खोटं कोण बोलेल, हे त्यालाही कळलं असणार. तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि त्याने धारवाडला मामांना फोन लावला. पाऊण तासाने परत आला तो माझ्याकडे. बहीण नव्हती, शेजाऱ्यांची मुलगी होती. तिची आई बाळंतपणात गेली म्हणून चार वर्षं यांच्याच घरी जेवली, झोपली. मग तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते तिला घेऊन गेले. मामा म्हणाले, अक्कांनी आठवडाभर अन्नाला हात लावला नव्हता, म्हणून घरात पुन्हा तिचा विषय कुणी काढला नाही.

"आईला सांगू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

त्याने खुर्ची ओढली, आईचे हात हातात घेतले आणि सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे रागावून नाही गेली?" "नाही आई. बदली झाली होती." "सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि कॉफी मागितली. हे त्या अधूनमधून विसरतात. मग मी किंवा तो पुन्हा सांगतो, आणि दर वेळी त्यांचा चेहरा तसाच मोकळा होतो.

खेळ बंद झाला नाही. मुलगा आता जमेल त्या बुधवारी ऑफिसला उशिरा जातो. बसवनगुडीतल्या एका आश्रमाने तिथल्या कामाच्या बायकांना हा खेळ शिकवायला मला बोलावलं आहे, मी जाणार आहे. हे काम मला चांगलं येतं आई, हे मी आता न लाजता सांगते.

हे पत्र टाकायचं कुठे नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते. गेल्या बुधवारी अज्जांनी तांब्या माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "ताई, दर वेळी आम्हीच बोलतो. आज तुम्ही बोला. तुमची आई काय काम करायची?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी विड्यांचं नाव न घेता म्हटलं, "शिवणकाम." का म्हटलं, कोण जाणे. तुला तर साधं बटण लावता येत नव्हतं.