चौदा बैठकांत वीस मैल

भाद्रपद वद्य १२, शके १८३५. सकाळी ९
मोटार आली. मुंबईच्या पारशाकडून, सेकंडहँड, पण रंग नवा. पेट्रोल नाही, धूर नाही, हँडल मारणं नाही. सीटखाली बॅटऱ्या, हातात एक दांडा. दांडा पुढं केला की निघाली. करवीर इलाख्यात विजेची अशी दुसरी नसावी. चुलतभाऊ बाळासोच्या पेट्रोलच्या मोटारीचे दिवस संपले. त्याला वाईट वाटू नये म्हणून आज त्याच्या दारावरून फक्त चार वेळा गेलो.

आश्विन शु. १. दुपारी
उचगावला चिमणाआत्याकडे घट बसले. आई गेल्यावर मला आत्यानंच वाढवलं. दसऱ्याला तिला गावाच्या शिवेपर्यंत सीमोल्लंघनाला न्यायचा मान आमच्या घराण्यात मोठा. थोरला मी. तरी गेले तीन दसरे ती बाळासोच्या मोटारीत, आणि मी मागून टांग्यातून धूर खात. आज तोंड उघडून मान मागितला. आत्या म्हणाली, हंबीरा, भांडू नगासा, दसऱ्याला माझ्या दारातनं ज्येची मोटार आदी उठंल, तिच्यात मी बसणार.
म्हणजे मान माझा. बाळासोला हे अजून कळलेलं दिसत नाही.

आश्विन शु. ३. सायंकाळी
रंकाळ्याच्या रस्त्यावर शास्त्रीय चाचणी. उभ्या मोटारीला वीस मैलांचा स्पीड गाठायला किती वेळ लागतो, एवढंच बघायचं. बाळासोचा माझ्या घड्याळावर भरवसा नाही, माझा त्याच्या. शेवटी तालमीतला पिराजी पैलवान आणला. तो बैठका मारणार, आम्ही मोजणार. पिराजीची बैठक मागंपुढं होत नाही हे सगळी पेठ सांगेल.
बाळासोची मोटार: अकरा बैठका. माझी: चौदा.
पण बाळासोच्या हँडल मारण्यात पंचवीस बैठका गेल्या. त्या तो धरत नाही. धरल्या तर छत्तीस होतात. धरल्याच पाहिजेत.
दुसऱ्या फेरीला माझी मोटार सात बैठकांत वीस मैलांवर. एका संध्याकाळी निम्मा वेळ वाचवला. पिराजी तोवर गुडघे धरून उभा होता, असं बाळासोचं म्हणणं. हरणाऱ्याला कारणं लागतात.

आश्विन शु. ६
निश्चय: दसऱ्यापर्यंत मोटार विनाकारण काढायची नाही.
सकाळी मामलेदारांना फिरवलं. दुपारी डॉक्टरांना. संध्याकाळी कोण आलं नाही म्हणून एकटाच फिरलो. टेंबलाईच्या चढाला मोटार जरा रेंगाळली. ऊन फार होतं.
बादशहा मिस्त्रीच्या लाकडाच्या गिरणीत नेली. तिथल्या डायनॅमोला दिवसभर लावून ठेवली की बॅटऱ्या भरतात.

आश्विन शु. ७
बादशहा म्हणाला, अष्टमीला पुरती भरून घ्या, आणि मग दसऱ्यापतुर हलवू नका. त्याला समजावलं की वीज दुधासारखी असते, ताजी ती चांगली. शर्यत दशमीला, म्हणून वीज नवमीची. तो म्हणाला, नवमीला कसं हुईल, सायेब? मी म्हटलं, नवमीलाच. मग मान हलवून करवतीकडं वळला. माणूस अडाणी, पण सांगितलेलं ऐकतो.

आश्विन शु. ८
हिला अंबाबाईला नेलं. मग पाच पेठा हिंडलो. उद्या ताजी भरायचीच आहे, शिळी शिल्लक ठेवून काय करायची? ही म्हणाली, आज मोटार तुमच्यागत चालतीया. अर्थ विचारला नाही.

आश्विन शु. ९, खांडेनवमी. सकाळी ७
हत्यारांची पूजा केली. माळी कोयता उचलत होता, त्याला चांगला झापला. वर्षातून एक दिवस हत्याराला विश्रांती द्यायची, एवढंही लोकांना कळत नाही.

त्याच दिवशी, १०
गिरणी बंद. डायनॅमोला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढं नारळ. शेजारी बादशहा नवी टोपी घालून. म्हणाला, आज हत्याराला हात लावायचा न्हाय, माझ्या बापापासनं ह्या गिरणीतली रीत हाय. डायनॅमो कसलं हत्यार, असं विचारलं. तो म्हणाला, पोट त्येच्यावर चालतंय, मग हत्यारच की. हातावर खोबरं ठेवलं.
उचगाव जवळच आहे. पुरेल.

आश्विन शु. १०, दसरा. दुपारी ३, उचगाव
पोचलो. शेवटचा फर्लांग बैलाच्या चालीनं आलो, पण ते मुद्दाम. दम राखायला.

सायंकाळी ७, घरी
सगळा गाव आत्याच्या दारात जमला होता. आत्यानं पदर हलवला. मी दांडा पुढं केला. विजेची मोटार आवाज करत नाही, त्यामुळे ती निघाली नाही हे आधी मलाही कळलं नाही. बाळासोनं हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला त्याची मोटार उठली, रस्त्याला लागली आणि वळून परतही आली. मी दांडा पुढंच करत होतो.
मग आत्याला धुराचा ठसका लागला. म्हणाली, मला त्या धुरात नगं, मी हंबीराच्या मोटारीत बसती, बाळासो, तू हिला फुडनं वढ. आत्या हात धरून माझ्या शेजारी बसली. मला भरून आलं. दोर बांधला. शिवेपर्यंत गेलो, सोनं लुटलं, परत आलो. वाटेत बारकाईनं निरीक्षण केलं. दोन्ही मोटारी एकाच वेळी उठल्या आणि दोघींचा स्पीड शेवटपर्यंत तंतोतंत सारखा होता. निकाल बरोबरीचा.
दारात आल्यावर आत्या उतरेना. म्हणाली, ही मोटार माझ्या अंगणातच ऱ्हाऊ दे, शेंगा फोडाय बसायला ब्येस हाय. मी म्हटलं, आत्या, ही पळायची वस्तू आहे. ती म्हणाली, पळती ती बाळासोची, ही कुठं जात न्हाय म्हणून तर मागती. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, तू बी ल्हानपणापासनं असाच, लेकरा.
बाळासोनं मला त्याच्या मोटारीतून घरी सोडलं. हिनं दारात ओवाळताना विचारलं, मान कुणाला मिळाला?
मोटारीला, म्हटलं.