नायलॉनवरचे थेंब

बुधवार, संध्याकाळ

दोनदा वही उघडली आणि मिटली. लिहिलं की पुन्हा लाज वाटणार, म्हणून टाळत होतो.

मामी पंचवटीत गजरे विकते, मी सध्या तिच्याकडेच पडीक. सकाळी ती म्हणाली, "सुती दोरा भिजवून घे रे, गाठ पक्की बसते. नवरीचे गजरे आहेत." भिजवला. दोरा सगळं पाणी पिऊन गप्प, बघण्यासारखं काही उरलंच नाही. शेजारी नायलॉनचं रीळ होतं. सहज त्यावर पाणी शिंपडलं, तर थेंब दोऱ्याभोवती मण्यांसारखे बसले! दोन थेंब जवळ आले की एक होऊन घरंगळायचे. मग काय, त्याच दोऱ्यात मोगरा बांधत बसलो, थेंब बघत.

दुपारी हळदीत नायलॉनच्या गाठी सरकल्या, गजरे सुटले. नवरीच्या केसांतल्या कळ्या सगळ्या पाटावर. तिची आई दुकानाशी येऊन मामीला भर गल्लीत बोलली, "लग्नाचे हार आता दुसरीकडून घेऊ आम्ही."

मामी म्हणाली, "चुकलं ताई. घाईत दोरा बदलला माझ्याकडून."

माझ्याकडून! आणि मी टोपल्यांमागे उभा. तोंड का उघडलं नाही? थेंब पडू नयेत म्हणून सकाळी श्वास रोखून बसलो होतो, दुपारीही तसाच.

मामी मला रागावलीसुद्धा नाही. "जेवून घे," एवढंच.

उद्या त्यांच्या घरी जाऊन खरं सांगायचं. जाईन ना मी?

खालून मामी हाक मारतेय, "अरे, लवकर ये! नवरी आलीय दारात, हळदीच्या अंगानं! गजरे कुणी बांधले म्हणून विचारतेय."