आमच्या पाणपोईतून हत्ती जात असत

छत्रपती संभाजीनगर
दि. १२ मे २०२४, रविवार

आज नळाला पाणी यायचं होतं, आलं नाही. सकाळी भाकरी आणि ठेचा केला, दुपारी तोच खाल्ला. पाणपोईवर जाऊन आलो. एक जण पाणी प्याला. बाकीच्यांनी फोटो काढले.

ती. बिभीषणदादा यांस राजकुमारचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहून मोकळं व्हायची सवय आहे. पण सगळे म्हणजे आता मी एकटाच, आणि मी बरा आहे. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल वाटू देऊ नका. फोनवर तुम्ही "हां, बोला दाजी" म्हणता, मी "बाकी ठीक" म्हणतो, आणि तेवढ्यात आपलं बोलणं संपतं. आज जे सांगायचं आहे ते 'बाकी'त बसणारं नाही.

तुमच्या बहिणीच्या नावानं वळणावरच्या जुन्या दरवाजाजवळ पाणपोई बांधली, तेव्हा तुम्ही आला होता. म्हणजे ती केवढी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. कमरेइतका विटांचा ओटा, त्यावर दोन रांजण, डोक्यावर पत्रा, आणि मागच्या भिंतीवर सुकेशनीच्या नावाची संगमरवरी पाटी. तोटी नाही, लांब दांड्याचं ओगराळं आणि एक पेला आहे. तोटी नको हे तिनं दवाखान्यात असतानाच सांगून ठेवलं होतं. तुमच्या आजीला पाणवठ्यावर लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, हे तुमच्याच घरातलं, तुम्हाला मी काय सांगावं. म्हणून ज्याला तहान लागली त्यानं आपल्या हातानं बुडवून घ्यावं, कोण कुठला विचारू नये, असं तिचं म्हणणं. (आधी हात तेवढे धुवायला सांगावं असं माझं मत होतं. तिच्यापुढं मी ते कधी बोललो नाही, आता बोलून उपयोग नाही.) पाण्याचं म्हणाल, तर तुमच्या पैठणच्या धरणातून निघालेलं पाणी आमच्या नळाला आठवड्यानं पोचतं, यंदा तेही रडत रडत. चालत निघालं असतं तरी लवकर आलं असतं. पण घरात दोघांचं पाणी भरून ठेवायची भांडी आहेत आणि पिणारा एक. तिच्या वाट्याचं मी रांजणात ओततो. शेंद्र्याच्या रस्त्यावर नव्या इमारतींच्या जाहिराती लागल्या आहेत, प्रत्येकीत पोहायचा तलाव आहे. तो ओला की कोरडा, हे लिहिलेलं नाही.

तर झालं असं, की पर्यटकांना शहराची माहिती मिळावी म्हणून जुन्या वास्तूंजवळ ते काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे कोड लावायचं ठरलं. फोन समोर धरायचा की इतिहास बाहेर येतो. आमच्या दरवाजालाही एक कोड मंजूर झाला. गेल्या महिन्यात ठेकेदाराची माणसं शिडी आणि ड्रिल घेऊन आली. पण जुन्या दगडाला भोक पाडायचं नाही असा नियम आहे (नियम चांगला आहे), आणि कोडाचा बोर्ड तर संध्याकाळपर्यंत लावायचा होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. जवळात जवळ गुळगुळीत, सपाट, सरळ अशी एकच जागा होती. तुमच्या बहिणीचं नाव.

मी पोचलो तेव्हा चारही स्क्रू बसले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. लेवलमधी बसलाय." खरोखरच लेवलमध्ये बसला आहे. नावाचं एक अक्षर कुठून दिसत नाही.

आता पर्यटक येतात, दरवाजाकडं पाठ करून उभे राहतात आणि पाणपोईचा इतिहास वाचतात. ही वास्तू सतराव्या शतकातली असून ती संरक्षणासाठी बांधली गेली. हिच्यातून सैन्य आणि हत्ती जात असत. परवा एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या गृहस्थांनी हे मोठ्यानं वाचलं, मग रांजणांच्या मधली वीतभर फट वाकून बघितली. त्यांच्या बायकोनं विचारलं, "यातून हत्ती?" ते म्हणाले, "पिल्लं असतील." समोरचा चहावाला सखाराम हसून हसून बाकावर बसला. मी रांजण भरत होतो. मला त्या बाई म्हणाल्या, "हे पाणीसुद्धा तेव्हाचंच का हो?" मी म्हणालो, "नाही, मागच्या रविवारचं." त्यांना ते पटलं नसावं. प्यायल्या नाहीत.

सखारामच्या टपरीवर पैशाचा कोड आहे. त्याच्यासमोर फोन धरून इतिहास शोधणारेही दोघंतिघं निघाले. सखाराम म्हणतो, "दाजी, तुमचा कोड हत्ती दाखवतो, माझा निदान चहा तरी पाजतो." (तुमचं ऐकून तोही मला दाजी म्हणायला लागला आहे. आता सगळी गल्ली म्हणते.)

हसण्यापुरतं हे ठीक आहे दादा, पण त्या माहितीच्या शेवटी एक ओळ आहे. 'बांधणाऱ्याचे नाव अज्ञात आहे.' आणि बोर्डाच्या खालच्या कडेला लाल अक्षरांत दुसरी ओळ आहे. 'कृपया वास्तूस स्पर्श करू नये.'

लोक शहाणे आहेत, सांगितलेलं ऐकतात. उन्हातून येतात, ओगराळ्याकडं हात नेतात, ती ओळ वाचतात आणि हात मागं घेतात. एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढं ओंजळ धरली आणि म्हणाला, "तुम्हीच वतून द्या बाबा, हात लावू नये म्हंत्यात." मी ओतून दिलं नाही. "लावा हो हात, आपलंच आहे," म्हणालो. तो घाबरला आणि न पिताच गेला. तो तहानलेलाच गेला हे मला रोज आठवतं. ओतून दिलं असतं तर काय बिघडलं असतं, तेही रोज आठवतं.

मग हे बोर्ड लावणाऱ्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब सभ्य आहेत, बसा म्हणाले. कॉम्प्युटरात बघून सांगितलं, "बोर्ड दरवाजावरच लागलाय काका. फोटो आहे." फोटो होता. पाणपोईच्या मागं दरवाजा दिसेल अशा बेतानं काढलेला. मी म्हणालो, "ही पाणपोई आहे." ते म्हणाले, "पाणपोई रेकॉर्डला नाही." "मग बोर्ड कशावर आहे?" "ते तुम्ही सांगा." मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, की तसं असेल तर वास्तूच्या अंगाला रोज पाणी लागणं बरं नाही, ओल धरते, रांजण तेवढे हलवा. आणि तक्रार करायची तर बोर्डावरच्या कोडातूनच करावी लागते.

तेही केलं. फोन समोर धरला. 'ही वास्तू आपल्याला कशी वाटली?' असा प्रश्न आला, खाली पाच चांदण्या. मी एक चांदणी दाबली. 'आभारी आहोत. पुन्हा अवश्य भेट द्या.' मी तिथं रोज दोनदा जातो.

बुद्धपौर्णिमेला सुकेशनीला जाऊन वर्ष होतंय. त्या दिवशी पाणपोईवर सरबत वाटायचं आहे. आपले लोक येतील, तुमचेही येतील, आणि 'स्पर्श करू नये'च्या खाली ओंजळी धरून उभे राहतील. असो. लेखी अर्ज दिला आहे. भांडण माझ्या स्वभावात नाही. वाट बघतो.

वहिनींना जय भीम.

आपला,
राजकुमार

ता. क. : वर 'वाट बघतो' लिहिलं आहे, त्यात आता दुरुस्ती. पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा तिकडं गेलो. भर उन्हाची वेळ, रस्त्यावर कुणी नव्हतं, सखारामही फळी टाकून झोपला होता. स्क्रू हातानं निघाले, इतके ढिले. वाटलं, दोन मिनिटांचं काम, महिनाभर उगाच झुरलो. शेवटचा स्क्रू काढला आणि पाटी माझ्या अंगावर आली. ड्रिलनं मधोमध तडकली आहे, दोन तुकडे. बोर्डानंच धरून ठेवली होती. तुकडे छातीनं तसेच दाबून धरले, बोर्ड परत लावला आणि स्क्रू आधीपेक्षा घट्ट पिळले. आता तो कार्यालयालाही निघायचा नाही.

ता. क. दुसरं, आणि पत्र खरं यासाठीच आहे : तुम्ही तेव्हा म्हणाला होता, "दाजी, मी पेंटर घरात असताना मशीनवर कशाला नाव कोरता? मी रंगवतो." मी म्हणालो होतो, संगमरवर कायमचा टिकतो. त्यानंतर तुम्ही आला नाहीत. फ्लेक्स आल्यापासून ब्रश माळ्यावर आहेत असं वहिनी सांगत होत्या. ते खाली काढा. निळा आणि पांढरा रंग घ्या, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पैठणहून निघा. तिचं नाव रांजणावर लिहायचं आहे, दोन्ही रांजणांवर. मातीच्या रांजणाला ड्रिल लागत नाही, आणि त्यावर बोर्ड ठोकायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. नावाखाली काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मला एवढंच सुचतंय, 'हात लावा.' दरवर्षी रंग उडेल. दरवर्षी या.

ता. क. तिसरं : पोस्टाच्या पेटीकडं निघालो होतो, तेवढ्यात नळ वाजला म्हणून परत फिरलो. पाणी आलं. आधी तिच्या वाट्याचं भरलं आणि कळशीनं नेऊन मोठा रांजण भरला. रस्ता अजून मोकळाच होता. ओगराळं विसळलं, बुडवून पेलाभर पाणी घेतलं, उभ्यानंच प्यालो, आणि पेला पालथा घातला.